किंचित अनिष्ट घडल्याचे जाणवते

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती थांबाताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, आणि दाराजवळची जागा धरून बसलेले सुज्ञ श्रोते,

आपल्या कंपनीच्या गृहपत्रिकेचा वार्ताहर म्हणून मला थोडाच वेळ दिला आहे, आणि त्यातला बराचसा या संबोधनातच गेला.

ताईंना हे नाव का पडलं, ते पाहुण्यांसाठी सांगतो. आपण इथे ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल लिहितो. म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी, जो मेमरी, डिस्क, पडदा सगळ्यांना कामं वाटून देतो. या कारभाऱ्याला स्वतःच्याच कारभारात चूक सापडली तर त्यानं काय करावं? इशारा देऊन पुढे चालावं, की संगणकासकट जागीच बसकण मारावी? ताई म्हणतात, बसावं. त्या आज निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी येणारे सांभाळूनराव म्हणतात, चालावं.

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. भिंत पातळ आहे, माझा दोष नाही.

"ताई, एक दिवा गेला म्हणून अख्ख्या घराची वीज तोडायची?"

"दिवा गेला तर खुशाल चालू ठेवा. वायर जळल्याचा वास आला तर?"

"तुम्हाला सगळीकडेच वास येतो हो."

"आणि तुम्हाला कायमची सर्दी."

यजमानांना मी विचारलं, "घरीही ताई अशाच एकदम बंद पाडतात का?"

"छे, घरी फक्त इशारे."

"किती?"

"मोजत नाही. म्हणून तर संसार चाललाय."

असो. आपल्या कर्नलची नवी आवृत्ती उद्या रुग्णालयांकडे जायची होती. तिथे प्रत्येक खाटेशेजारच्या पडद्यावर रुग्णाचं नाव आणि त्याचं औषध दिसणार. चाचणीत तिनं एक इशारा दिला. ताई म्हणाल्या, कारण सापडेपर्यंत पाठवू नका. निदान हा इशारा आला की यंत्र थांबेल असं तरी करा. अध्यक्ष महोदय म्हणाले, "इशाराच आहे ना?" आणि विश्वास दाखवावा म्हणून आज या सभागृहात, ताईंची छायाचित्रं दाखवायला, त्यांनी हीच आवृत्ती बसवली.

आता इशाऱ्यांची भाषा माझी, कारण पडद्यावरचा मराठी मजकूरही मीच लिहितो. संस्कृत पाठशाळेत वळण लागलेला हात. "मेमरीत घोळ झालाय" असं लिहायला तो धजेना. मी लिहिलं, "महोदय, किंचित अनिष्ट घडल्याचे जाणवते." ताई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "हे वाचून कोणी तपासायला उठणार नाही. बसून आभाराचं पत्र लिहील."

मघाशी पाहुण्यांचं भाषण संपता संपता हीच ओळ पडद्याच्या कोपऱ्यात उमटली. आपण सर्वांनी वाचली. मग काय केलं? टाळ्या वाजवल्या. सांभाळूनरावांनी सर्वांत जास्त.

यंत्र चालूच राहिलं. आणि अध्यक्ष महोदयांच्या भारदस्त छायाचित्राखाली ओळ आली, "ताई, बालवाडीत परीच्या वेशात." ताईंच्या छायाचित्राखाली, "आपला पहिला सर्व्हर, भंगारात काढताना."

आपण पोट धरून हसलो. पण उद्या असंच एकाच्या नावाखाली दुसऱ्याचं औषध आलं असतं, तर पडदा तेव्हाही इतकाच झळझळीत दिसला असता. नाही का?

हसत नव्हते ते एकटे सांभाळूनराव. खुर्च्यांतून वाट काढत ते ताईंपाशी गेले. मी शेजारीच होतो. इथे तर भिंतही नव्हती.

"ताई, वास आला."

"सर्दी बरी झाली म्हणायची."

मग दोघं अध्यक्ष महोदयांकडे गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. अध्यक्ष महोदयांनी परीच्या वेशातल्या स्वतःकडे एकवार पाहिलं आणि मान हलवली. उद्याची रवानगी थांबली आहे. मागे पडदा काळा दिसतोय, तो बिघडलेला नाही. सांभाळूनरावांनी स्वतःच्या हातानं बंद केला आहे. ताईंना निरोपाची याहून चांगली भेट आम्हाला सुचली नसती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घालावं. चूक किरकोळ असेल तर नुसतं खाकरा, मी चालू राहीन. पण कोणाच्या नावाखाली मी भलतंच काही लावलं असेल, तर माईकची वायर ताईंच्या पायाशीच आहे.