हरेशचा हापूस

हरेश : चाखून बघ म्हणतो ना दादा! घे, हातात घे. हा हापूस आहे?

धाऊ : नाय.

हरेश : काय आहे मग?

धाऊ : रायवळ.

हरेश : ऐकलंस वयनी? किती सरळ सांगतोय! पंच्याण्णव साली मी या परसात हापूसचं कलम लावलं. आसनगावला उतरून टमटममधी मांडीवर घेऊन बसलो होतो, पोरगं घेऊन बसावं तसा. आठ वर्षांनी पहिल्यांदा धरलं आणि निघालं काय, तर रायवळ!

सकुबाई : भावजी, आधी पाणी प्या. उन्हाचे आलात.

हरेश : नको. या घरचं पाणीच नको मला.

सकुबाई : बरं, नको तर नको. पण गेल्या रविवारी मी सांगत व्हते का नाय? हे मुरबाडला बैल बघाया गेलेत, सांजचे येतील, मग आंबे उतरा. ऐकलंत माझं? स्वतःच झेला घेतलात नि अख्खं झाड ओरबाडून कल्याणला नेलंत.

हरेश : माझं झाड, मी उतरवलं. फळं बारकी दिसली. म्हटलं, पहिलं वर्ष आहे, असतील बारकी. पेंढ्यात अढी घातली. कंपनीतून आलो की आधी जाऊन वास घ्यायचो. आणि काल माझ्या पूजाला बघायला ठाण्याचे पाव्हणे आले. मी छाती फुगवून सांगितलं, बाजारातला नाही हा, घरचा हापूस, माझ्या हातानं लावलेला. पोराच्या आईनं एक फोड तोंडात टाकली. दातात दोऱ्या अडकल्या तिच्या. म्हणते, "तुमच्याकडे यालाच हापूस म्हणतात का?" सगळे हसले. पूजा उठून आत निघून गेली.

धाऊ : सोयरीक मोडली का?

हरेश : कळवतो म्हणाले. आंब्यावरून कोण सोयरीक मोडतो? पण माझं नाक गेलं ना! आता एकच सांग मला. माझं कलम कोणाला दिलंस?

सकुबाई : अगं बाय! जिभेला काय हाड हाय का नाय, भावजी?

हरेश : तू मधी बोलू नको. कलम आपोआप बदलत नाही. कोणीतरी ते काढलं आणि बाठ्यातून आलेलं फालतू रोप तिथं खोचलं. या परसात तुझ्याशिवाय कोण येतं दादा?

धाऊ : कोण नाय येत.

हरेश : म्हणजे तूच.

धाऊ : राखायला माझ्याकडं व्हतं. काय झालं ते माझ्या राखणीत झालं. आता काय ते समज.

हरेश : समज काय? मी गावकी बसवतो. चार माणसांसमोर सांगतो की सख्ख्या भावानं भावाचं कलम चोरलं. चालेल?

धाऊ : बसव.

सकुबाई : आवो, तोंडात मिठाची गुळणी धरलीत का काय? चोर म्हणतो तो तुमाला! या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाय, नि हा घरात येऊन चोर म्हणतो!

धाऊ : सकू, तू आत जा.

सकुबाई : नाय जात. भावजी, एप्रिल-मे मधी इथली इहीर खडखडीत होते. हाकेवर धरण, पण त्याचं पाणी मुंबईला. दोन कोसावरून मी डोक्यावर हंडा आणायची, नि त्यातला निम्मा हा माणूस तुमच्या झाडाला ओतायचा. मी भांडायची, का पोरांना आंघोळीला नाय नि झाडाला कशाला?

हरेश : उपकार केलेत? खताच्या गोणी मी पाठवत होतो. आळं कधी करायचं, शेणखत कधी, औषध कधी, सगळं मी येऊन सांगत होतो.

सकुबाई : उंटावरून शेळ्या हाकल्यात तुमी, दुसरं काय केलंत?

हरेश : ठीक आहे. कुऱ्हाड कुठंय? झाडच ठेवत नाही. आत्ता तोडतो, आणि आईची शपथ घेऊन सांगतो, यापुढं या दारात पाय ठेवणार नाही. तू मला मेलास, मी तुला मेलो.

धाऊ : झाड तोड. माझं काय म्हणणं नाय. ते दुसरं बोलू नको.

हरेश : कुठलं दुसरं?

धाऊ : पाय ठेवणार नाय ते.

हरेश : चोराच्या दारात कोण येतं?

सकुबाई : बास! आता मी नाय गप बसायची. भावजी, सत्त्याण्णवची दिवाळी आठवते? पाडव्याला आलावतात. लाल मुठीची नवी कातरी आणली व्हती, झाडं छाटायची.

हरेश : मग? छाटणी केली मी. या झाडाच्या बुडाशी दोन कोवळ्या फुटी निघालेल्या होत्या. एकीचा शेंडा बकरीनं खाल्लेला, पिवळी, रोगट. दुसरी खालून सरळसोट आलेली, जोमदार, माझ्या खांद्याला लागत होती. रोगट काढून टाकली. झाडाला एकच खोड ठेवायचं असतं. पुस्तकात दिलेलं होतं.

धाऊ : सकू, पुरे झालं.

सकुबाई : मला पुरे नाय झालं. वाका भावजी. बुंधा बघा. ही मातीपासून इतभर वर गाठ दिसते? हिच्याखाली खुंट, तो रायवळीचा. हिच्यावर बांधलेली काडी हापूसची. कलम म्हणतात ते याला. आता तुमची ती जोमदार फूट कुठून निघाली ते बघा. गाठीच्या वरनं का खालनं?

(हरेश बुंध्याशी उकिडवा बसतो. गाठीवरून बोट खाली नेतो.)

हरेश : खालून.

सकुबाई : खालची फूट खुंटाची. ती दिसली का मोडून टाकायची, नायतर ती सगळा जोर ओढून घेते. तुमी तिला ठेवलंत नि हापूस कापलात. मला तरी तवा कुठं कळत व्हतं? "वयनी, बघ कसं मोकळं केलं झाड," म्हणालात, नि मी पण हसले. हे भात झोडायला शेतावर व्हते. सांजचे आले तवा तुमी निघून गेला व्हतात. तोडलेली काडी उकिरड्यावर पडलेली. ती उचलली यांनी, परत त्या जागेवर बसवली, शेणामातीनं लिंपली, माझ्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. कुठं तुटलेली काडी अशी चिकटते? यांना काय ते कळत नव्हतं? तरी म्हयनाभर तिला तांब्याभर पाणी घालत व्हते. वाळून गेली. मग मला म्हणाले, हरेशला यातलं अक्षर सांगशील तर बघ.

हरेश : खोटं आहे.

सकुबाई : मग तुमची कातरी खोटी.

हरेश : मग तेव्हाच सांगायचं होतं! कंपनीत एक फोन टाकायचा. मी दुसरं कलम आणलं असतं, आज ते धरलं असतं. साडेपाच वर्षं मला येडा बनवलंत दोघांनी? मी यायचो, या खोडावर हात फिरवायचो, "दादा, माझा हापूस कसा आहे?" म्हणायचो. आणि तू "बरा हाय" म्हणायचास. मनातून किती हसला असशील!

धाऊ : नाय रे हसलो.

हरेश : मग का नाही सांगितलंस? तोंड होतं ना?

धाऊ : अठ्ठ्याऐंशीला वाटण्या झाल्या. त्यानंतर सात वर्षं तू आला नायस. आईच्या दिवसांना आलास, तर पानावर बसलास नाय, उभ्या उभ्या गेलास. मग एकदम ते कलम घेऊन दारात. तवापासून म्हयन्या-दोन म्हयन्यानी येतोस. झाडाला येतोस, ते मला ठावं हाय. पण इथं बसतोस, भाकर खातोस.

हरेश : त्याचा इथं काय संबंध?

धाऊ : तू चुकलास असं तुला कोणी दाखवलं का तू तोंड चुकवतोस. लहानपणापासून. इळा हरवलावतास तर तीन दिवस मामाकडं जाऊन बसलावतास. हे सांगितलं असतं तर परत सात वर्षं गेली असती.

हरेश : आणि फळ आल्यावर काय करणार होतास? आंबा काय खोटं बोलणार होता तुझ्यासारखा?

धाऊ : म्हणून तर मुरबाडला गेलो व्हतो.

सकुबाई : बैल बघाया ना?

धाऊ : बैल कसला बघतोय मी? दोन डझन हापूस घेतले, चांगले. ठरवलं व्हतं, झाडावरचे उतरून पोरांना वाटायचे नि ते हापूस तुला द्यायचे. सांगायचं, यंदा एवढेच धरले. घरी आलो तर तू झाड मोकळं करून गेलेला. मग ते आंबे तसेच खालच्या आळीतल्या धर्माच्या घरी देऊन आलो.

सकुबाई : मला पण नाय सांगितलंत!

हरेश : म्हणजे पुढच्या वर्षी पण विकत आणून दिले असतेस? आणि त्याच्या पुढच्या? वर्षानुवर्षं मी तुझ्या हातचे बाजारचे आंबे माझे म्हणून खायचे, लोकांना खिलवायचे?

धाऊ : हो.

हरेश : मी काय कुकुलं बाळ आहे? पूजाचं लग्न करायला निघालोय मी, दादा! मला तुझी ही दया नको. चोर असतास तर परवडला असतास, गावासमोर उभं केलं असतं, मोकळा झालो असतो. आता मी कोणाला काय सांगू?

धाऊ : मलाच चोर सांग. माझी काय हरकत नाय.

हरेश : गप! एक शब्द बोलू नको. ऐक आता. हा परस माझ्या वाटणीचा आहे, सातबाऱ्यावर माझं नाव आहे. मी याला कुंपण घालणार. इकडून तिकडं, सलग. तुझं तुला, माझं माझं. माझ्या झाडाला यापुढं हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही.

सकुबाई : भावजी, असं तोडून बोलू नका. भाऊ हाय तो.

हरेश : खांब आणि तार मी पाठवतो. बस, संपला विषय.

धाऊ : घाल. खड्डे मी खणून ठेवतो. पण खांब पुराया तू ये. जमीन खडकाळ हाय, एका रविवारात नाय व्हायचं ते.