वडलांच्या मापाची टोपी

परंपरेवर मी पुष्कळ लिहिले. तिचे खरे दर्शन मात्र शहागंजातल्या सुट्या भागांच्या दुकानात घडले. सोयगावचा माझा चुलतभाऊ नामदेव जुन्या ट्रॉलीसाठी, बेअरिंगात माती शिरू नये म्हणून चाकाच्या मधल्या हबवर बसवतात ती टोपी घ्यायला आला होता. नमुना म्हणून त्याने जुनीच टोपी पुढे केली.

दुकानदाराने विचारले, “भाऊ, ही घट्ट बसायची का?”

“नाय, लई ढिली. सारखी गळायची.”

“मग हबचं माप आणा ना! हिच्याच मापाची कशाला?”

“आमच्या वडलांनी हीच बसवली व्हती.”

मी म्हणालो, “नाम्या, अरे, चुकीचाही वारसा चालवतोस?”

“दादा, तुमी पुस्तकं बघा.”

त्याने तशीच टोपी घेतली. दुसऱ्या दिवशी कापूस बाजाराला नेताना ती सिल्लोडजवळ गळाली, माती शिरून चाक जाम झाले आणि ट्रॉली रस्त्यातच बसली. फोनवर त्याच्या स्वरात अभिमान होता.

“दादा, वडलांची बी इथंच पडली व्हती!”