दवाखान्याचा नंबर

टेलिफोन ऑफिसात तक्रारीच्या रांगेत सत्यवती उभी होती. पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडतच होतं.

"चौकशीवाले अजूनही दवाखान्याचा म्हणून आपल्याच घरचा नंबर देऊन राहिले जी."

"राँग नंबर म्हण अन् ठेव."

"ठेवतच होती. लोक पुन्हा चौकशीले विचारतात, पुन्हा आपल्याच घरी लागते. रडतात बिचारे."

"मंग काय सांगतं त्यायले?"

"पेशंट बरा हाये म्हणते."

"काहून वं?"

"जिवाले थोडा आराम भेटते त्यायच्या. भिवापूरच्या एका बाईलेबी काल तेच सांगतलं. नवरा भरती होता तिचा."

"मंग?"

"आज मौतीची तार भेटली तिले. पुन्हा आपल्याच घरी फोन लागला. म्हणे, तुम्ही बरा हाये म्हणलं म्हणून मी काल निघाली नाही. आता त्यायले कुठून न्यायचं, तेवढं तरी खरं सांगा."