महेशची लाकडी फळी

काका, काकू, मित्रांनो, रविवारची कामं टाकून अर्विंगच्या या हॉलमध्ये एवढे सगळे आलात. मी अविनाश, इथे अमेरिकेत आल्यापासून महेशचा रूममेट. बोलायला उभा राहिलोय खरा, पण तोंडात शिव्याच येताहेत. सांभाळून घ्या.

महेशच्या रिसर्चला आपण हसायचो. "पोरांना फळीवर चालवतो म्हणे!" हो, चालवायचा. सॉकर खेळणारी दहा-बारा वर्षांची पोरं. काही इथली शहरातली, काही लांबच्या शेतांवरची. चार बोटं रुंद फळी, तिच्यावरून उलटं चालायचं. मग एका पायावर उड्या. हात, पाय, डोळे एकमेकांचं किती ऐकतात, ते तो लिहून घ्यायचा. मला म्हणायचा, "अव्या, शेतावरची पोरं कुंपणावर चढून वाढलीत, फळीवर डुलत नाहीत. शहरातल्यांना बॉल दे, मग त्यांचे पाय बघ. कोणी कमी नाही रे."

कोणी कमी नाही. एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगा फळीवरून सारखा पडला. त्याच्या बापाला वाटलं, आता कोच पोराला टीममधून काढणार. अहो, महेशच्या नोंदींचा तो कागद कोचला दिसणारही नव्हता! महेशनं परोपरीनं समजावलं. त्या माणसानं त्याला तारेच्या जाळीवर आपटलं, गळा दाबला. त्याच्या मदतीला मैदानावर गेलेल्या आपल्यातल्या चौघांनी पाहिलं. त्यातला एक मी.

महेश म्हणाला, "पोलिसांना सांगू या." आणि मी, दीडशहाणा, काय म्हणालो? "विमानं घुसून ते टॉवर पडले, त्याला वर्ष झालं नाही अजून. इथे आपल्या रंगाकडे संशयानंच बघतात. तुझा व्हिसा स्टुडंटचा. कशाला लचांड मागे लावून घेतोस? गप्प बस."

तो गप्प बसला. माझं ऐकून.

गेल्या शनिवारी तो माणूस परत आला. महेश वाकून फळी उचलत होता. त्यानं ती हिसकावली आणि त्याच फळीनं त्याच्या डोक्यात घातली. एकदा. दोनदा. पोरं किंचाळत होती. त्याचा स्वतःचा मुलगा "डॅड, स्टॉप!" करत त्याच्या हाताला लोंबकळत होता. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. पोचलो तेव्हा फळीचे दोन तुकडे झाले होते आणि महेशचे डोळे उघडेच होते.

आता तो माणूस कोठडीतून सांगतोय, "एकदम डोकं फिरलं, त्याआधी आमचं काहीच नव्हतं." काहीच नव्हतं? गळ्यावरचे वळ आठवडाभर मी बघत होतो!

काल नागपूरहून महेशच्या आईंचा फोन आला. "कोणाशी भांडण होतं का रे त्याचं?" मी नाही म्हणालो. त्या माउलीशीसुद्धा खोटं बोललो.

काका, तुम्ही मघाशी म्हणालात, शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहू. माफ करा, मला नाही जमणार. गप्प बसूनच घालवला आपण त्याला. मी इथून थेट पोलिस स्टेशनला जातोय, त्या दिवशी पाहिलेलं सांगायला. बाकीचे तिघं इथेच बसलेत. नावं घेत नाही. माझ्या गाडीत तीन जागा आहेत.

महेश, यार, निघतो मी.