शंभूची तळटीप

नारायण पेठेतल्या दवाखान्यात कमरजहां डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसली होती. कान मात्र सताड उघडे. शेजारी माजी नगरसेवक वैजनाथरावांनी त्यांच्या पक्षाच्या साहेबांच्या चरित्रलेखिकेला गाठलं होतं.

“रुपालीताई, नव्या आवृत्तीत मला तळटीपेत घ्या.”

“अहो, तुमच्यावर अख्खं प्रकरण आहे!”

“प्रकरण वाचतो कोण? आमचा कार्यकर्ता शंभू शोकसभेत झोपला आणि दचकून उठून ‘आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं’ ओरडला. एवढीच त्याची तळटीप! पेठापेठांतून लोक मोठ्यानं वाचतात. यंदा तिकीटही त्यालाच.”

“तुमचं असं काही?”

“साहेबांचं प्रत्येक भाषण मी जागा राहून ऐकलंय.”

“लिहिते. पण पुरावा लागेल हं. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”