पाय वर घ्या, बंकटकाका

बंकट : झालं समाधान? नवा पार्ट बसवला तरी गाडी वरडतीच हाय. बंद कर म्हणलं ना, रोहिणे! इंजिन फुटलं तर साहेब माझी चामडी सोलतील.

रोहिणी : किल्ली तुमच्याच हातात हाय, बंकटकाका. तुमीच बंद करा.

बंकट : ही केली. आता सांगतो ते ऐक. बाहेर गाडी वढून न्यायला टोचनचा ट्रक उभा हाय. साखळी लावायची अन् गाडी सरळ पुण्याला. साहेब सभा उरकून चारला यायलेत.

रोहिणी : चारला अजून पाऊण तास हाय.

बंकट : पाऊण तासात तू काय इंजिनेर होतीस का? आश्रुबा, समजाव बे तुझ्या लेकीला. तीस वर्षं ह्या शेडीत गाड्यांचं मिस्त्रीकाम केलंस, तुला तरी कळतंय ना?

आश्रुबा : मला काय कळतंय, बंकट. जीप असती तर कान लावून सांगितलं असतं कुठं दुखतंय ते. ह्या गाडीत पेडलला केबलच न्हाई. पाय दाबला की वायरीतून हुकूम जातो, अन् पुढं एक मोटर हवेचं दार उघडती. वायरीला का आवाज असतो? म्या हात टेकले.

रोहिणी : तुमी टेकले असतील, दादा. मी न्हाई.

बंकट : ऐट बघा पोरीची! अगं, विलायती गाडी हाय ही. सात वर्षांखाली मुंबईच्या शेटनं घेतलती, त्याच्याकडून साहेबानं घेतली. पुण्यात हिला कम्प्युटर लावतेत.

रोहिणी : जुनं थ्रॉटल, म्हणजे ते हवेचं दार, उघडून दाखवलं ना मी तुमाला? आतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते गेलते. दार अर्ध्यात अडकायचं, म्हणून चढावर गाडी रांगायची. ते कळायला कम्प्युटर लागला का? नवं बसवलं, बॅटरीची वायर काढून लावली, सहाच्या सहा वायरी तपासल्या. पार्ट चोख हाय.

बंकट : मंग वरडती कावून?

रोहिणी : तेच हुडकायले.

बंकट : हुडक, हुडक. शेडीतलं शेवटचं काम हाय, घे हौस फेडून.

रोहिणी : शेवटचं?

बंकट : आं? आश्रुबा, पोरीला सांगितलंच न्हाईस व्हय?

आश्रुबा : गप बस, बंकट.

बंकट : गप कावून बसू? चांगली गोष्ट हाय. एक तारखेपासून तुझा बाप साहेबाच्या कापसाच्या जिनिंगवर वॉचमन. परवाच वर्दीचं माप देऊन आला.

रोहिणी : दादा? माप देऊन आलाव? मला न सांगता?

आश्रुबा : काय सांगू, बाई? महिनाभरात दोन ट्रॅक्टर अन् एक लुना आली शेडीत. नवी गाडी घेतली की लोक सरळ औरंगाबादचा रस्ता धरतेत. बाहेरच्या कंपन्या आल्या अन् आपली इद्या संपली. साहेब म्हणले, ही गाडी जमली न्हाई तर शेड गुंडाळ, जिनिंगवर ये. जमायची न्हाईच, म्हणून म्या आधीच व्हय म्हणून मोकळा झालो.

रोहिणी : जमायची न्हाई हे तुमी आधीच ठरवलं? अन् मी कोण? बीडला आयटीआयच्या वर्गात एकटी पोरगी होते. दोन वर्षं पोरं माझ्या बाकावर ग्रीस फासायची, मी पुसून बसायची. ते कशासाठी? तुमच्या वर्दीला बटणं टाचायला?

आश्रुबा : रोहिणे, ऐक...

रोहिणी : न्हाई ऐकत. राग आलाय मला, येऊ द्या. आपली शेड आपण होऊन कुणाच्या पायावर घालायची न्हाई. बंकटकाका, पुन्यांदा किल्ली फिरवा.

बंकट : अगं, पण साखळी...

रोहिणी : फिरवा म्हणते! थांबा. थांबा जरा! पाय काढा.

बंकट : कशावरला?

रोहिणी : पेडलवरला. अर्धी किल्ली दिली अन् सुरू करायच्या आधी तुमी दोनदा दाबलं.

बंकट : मंग? पंप मारल्याबिगर गाडी सुरू करतं का कुणी? बावीस वर्षं जीप चालवली म्या. अर्धी किल्ली, दोन पंप, देवाचं नाव, मंग सुरू.

रोहिणी : हेच! दादा, हेच हाय! नव्या थ्रॉटलला आधी आपलं दार आपण वळखावं लागतं. कुठं पुरतं मिटतं, कुठं पुरतं उघडतं. नुसती किल्ली दिली की अर्धा मिनिट ते चाचपून बघतं. तेवढ्या टायमात पेडलला धक्का लावायचा न्हाई, गाडीच्या पुस्तकाची झेरॉक्स मागवलीय ना मी, तिच्यात लिवलंय. अन् हे दर बारीला पाय मारून त्याचा धडा बिघडवायलेत.

बंकट : म्हणजे सगळा गुन्हा माझा? मी न्हाई मानत.

रोहिणी : नका मानू. खाली उतरा, मी बसते.

बंकट : ते जमायचं न्हाई. ह्या शीटवर माझ्याबिगर कुणी बसत न्हाई. साहेबाचा लेक बसला तरी मला इचारून बसतो. बाईमाणसाचं तर नावच काढू नको.

रोहिणी : बरं. तुमीच बसा. पण पाय खाली ठेवायचे न्हाईत.

बंकट : काय?

रोहिणी : पाय वर घ्या, बंकटकाका. चपला काढा अन् शीटवर मांडी घाला. पंगतीला बसता तशी.

बंकट : येडी झालीस का? तो टोचनवाला बघायलाय! बाजारची माणसं जायलीत रस्त्यानं!

रोहिणी : बघू द्या. तुमचा पाय माझं ऐकत न्हाई अन् तुमी शीट सोडत न्हाई. दुसरा इलाज असला तर सांगा.

आश्रुबा : बंकट, घाल मांडी.

बंकट : तू बी का, आश्रुबा?

आश्रुबा : घाल म्हणलो ना!

बंकट : खामखा इज्जत गेली... हं, घातली. गुडघा ष्टेरिंगला लागायलाय.

रोहिणी : लागू द्या. बॅटरीची वायर पुन्यांदा काढून लावली, म्हणजे मघाचं चुकीचं शिकलेलं इसरंल ते. आता अर्धी किल्ली. सुरू करू नका. दादा, इकडं या. बॉनेटखाली कान घाला.

आश्रुबा : मला काय ऐकू येणार?

रोहिणी : घाला तर.

(आश्रुबा वाकून कान लावतो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर जातो.)

आश्रुबा : बोलू नका कुणी. बारीक किरकिर हाय... कणगीत उंदीर फिरल्यावानी. मिटलं... उघडायलंय, उघडायलंय... पुन्यांदा मिटलं. टक्. बसलं, रोहिणे! दार चौकटीत बसलं!

रोहिणी : आवाज नसतो म्हणलाव ना?

आश्रुबा : असतो की. म्या कानच लावला न्हवता. नवी गाडी म्हणली की भ्यायचो नुसता.

रोहिणी : काका, किल्ली बंद. दहा मोजा अन् सुरू करा. पाय वरच.

बंकट : ...आठ, नऊ, दहा. नारायणगडाच्या म्हाराजा, सांभाळ रे. घ्या! सुरूच झाली न्हाई.

आश्रुबा : सुरू हाय. काटा बघ की.

बंकट : आयला! खरंच की. एवढी गप तर ती आणली तवा बी न्हवती.

विजयसिंह (सभा उरकून येत) : बंकट! हे काय? माझ्या गाडीत मांडी घालून बसलास? कीर्तन ठेवलंय का?

बंकट : साहेब, ते पाय... म्हणजे... गाडी सुरू हाय, साहेब!

विजयसिंह : सुरू आहे? कोणी केली? पुण्याचा माणूस आला होता?

आश्रुबा : न्हाई, साहेब. माझ्या लेकीनं केली.

रोहिणी : दोघांनी केली. मी वाचलं, दादांनी ऐकलं.

विजयसिंह : शाबास. तरीपण एकदा पुण्याला दाखवून घेऊ. ट्रक आलेलाच आहे, घाला साखळी.

रोहिणी : दाखवा की. पण चालवत न्या, साहेब. चालू गाडी साखळी घालून आमच्या शेडीतून जाणार न्हाई.

विजयसिंह : जीभ बरी चालते हिची. असो, चालवत नेऊ. आश्रुबा, एक तारखेला आठ वाजता जिनिंगवर हजर राहा. वर्दी शिवून झाली आहे.

आश्रुबा : न्हाई, साहेब.

विजयसिंह : काय म्हणालास? ऐकू नाही आलं.

आश्रुबा : न्हाई म्हणलो. तुमच्या म्होरं पैल्यांदाच म्हणलो, म्हणून हळू आलं असंल. पुन्यांदा म्हणू का?