साइटवर कुठेही नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सरांच्या थोरल्या बहीण डॉक्टरताई, या वेबसाइट कंपनीचे मालक म्हणजे आमचे सर, व्यासपीठावर नाइलाजाने बसलेले सर्व्हरवाले दादा, आणि जेवणाची सुट्टी अर्धी टाकून माझ्यासाठी इथे आलेल्या सहकाऱ्यांनो,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरला होता, आणि पलीकडून ती अगदी शांतपणे म्हणाली, "हा पत्ता मी फक्त तुम्हाला दिला होता."

सरांनी आत्ताच सांगितलं की कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या पोराला या ऑफिसने माणसात आणलं. मी आभारी आहे. इथे मला सगळे 'अर्धवट' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चालतो. पण हातात फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन माणसाला वाटेला लावताना, तो का चाललाय हे कुणी सांगायला नको का? सर म्हणाले, व्यक्तिगत कारण. आहेच व्यक्तिगत. नाकारतोय कोण?

ती फाटक्या पुस्तकांची नव्याने बांधणी करते. दादांनी तिचं नाव 'बाइंडिंगबाई' ठेवलं होतं. तिच्या साइटचं काम माझ्याकडे आलं, म्हणून फोटो काढायला मी तिच्या खोलीवर गेलो. खाली लाँड्री, वर खोली. टेबलावर खळीचं भांडं, सुया, दोरा, आणि नुकत्याच चिकटवलेल्या पुस्तकावर वजन म्हणून ठेवलेली इस्त्री. फोटो केव्हाच पुरेसे झाले होते, तरी कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत मी थांबलो. हसा. दादा तर तेव्हापासून हसताहेत.

निघताना तिने एकच गोष्ट बजावली. पत्ता कुठेही नको. नवऱ्याचं घर सोडून ती आली होती, आणि तो माणूस तिला शोधत होता. पुस्तकं घेणं-देणंसुद्धा ती कोपऱ्यावरच्या कागदवाल्याच्या दुकानातून करायची. मग ती इथे आली, याच हॉलमध्ये बसली, आणि तिने सरांना स्वतः विचारलं की माझा पत्ता कुठे दिसणार तर नाही ना. सर म्हणाले, "साइटवर कुठेही नाही."

सर खोटं बोलले नाहीत. साइटवर तो नव्हताच.

ताई, तुम्ही डॉक्टर, तुम्हाला आमच्या धंद्यातलं कशाला ठाऊक असणार? साइटला नाव घ्यायचं तर त्या नावाची नोंद करावी लागते, घराच्या खरेदीची करतात तशी. मालक कोण, राहतो कुठे, मोबाइल काय. आमच्याकडे ज्या नोंदी होतात त्या जगातल्या कुणालाही उघडून वाचता येतात. ओळख लागत नाही, पासवर्ड लागत नाही. वाचता येऊ नये म्हणून पडदा लावायची सोय असते. एका चौकटीत खूण करायची, झालं. आणि आमच्या ऑफिसात ती खूण न करण्याची शिस्त आहे.

का, ते दादांना विचारा. पडदा लावला की ग्राहकाची पत्रं मधल्या एका पत्त्यावरून फिरून येतात. एकदा कुणाला तरी साइटच्या नावाची मुदत संपल्याचं कळलं नाही, ते नाव हातचं गेलं, आणि त्याने इथे येऊन तमाशा केला. तेव्हापासून फर्मान निघालं, खूण करू नका. आपल्या डोक्याला ताप नको. सरांचा दुसरा नियम असा की नाव ग्राहकाच्याच नावावर, ग्राहकाच्याच घरच्या पत्त्यावर नोंदवायचं. चांगला नियम आहे. दुसऱ्या कंपन्या नाव स्वतःकडे ठेवून लोकांना अडवतात, आपण अडवत नाही. पण म्हणून बाईमाणसाच्या घराचा पत्ता चव्हाट्यावर टांगून ठेवायचा?

त्या माणसाने काही डोकं लढवलं नाही हो. साइट पाहिली, नोंद उघडली, आणि जिना चढला. तिने दार उघडलं नाही. लाँड्रीवाल्याने चार माणसं जमवून त्याला हाकलेपर्यंत तो दाराबाहेर बसून होता. मग तिने मला फोन केला. मी शपथा घेतल्या. तिने का विश्वास ठेवावा? पत्ता माहीत असलेला मी एकटाच होतो ना.

मी सरांकडे धावलो. ते म्हणाले, "त्या बाईंचं झाकून टाक. बाकीच्यांना कशाला जागं करतोस?"

झाकलं. पण एकदा उघडं पडलेलं लोकांनी उतरवून ठेवलेलं असतं, ते कोण पुसणार? तिने खोली सोडली. रागाच्या भरात मी आपल्या कंपनीची स्वतःची नोंद उघडली. तिथे पडदा! दादा म्हणाले, सरांना फालतू फोन फार यायचे.

सर, माइक बंद करायला लावू नका, मला मोठ्यानेच बोलता येतं.

ताई, मघाशी तुम्ही म्हणत होतात की पेशंटचे नातेवाईक अवेळी घरी येऊन बेल वाजवतात, घर कसं सापडतं कोण जाणे. तेव्हा सर बिस्किटांच्या बशीत बघत होते. तुमच्या दवाखान्याच्या साइटचं नाव आम्हीच घेतलंय. मोबाइल काढा आणि नोंद बघा. मी ती इथे वाचून दाखवणार नाही. तेवढा साहेब मी अजून झालो नाही.

ताई बघताहेत. बघू दे.

तर माझा पुढचा बेत. आपल्या एकेका ग्राहकाला मी हे सांगणार आहे. दारात जाणार नाही, अचानक वाजलेल्या दाराचं काय होतं ते कळलंय मला. फोन करीन. नंबर कुठून चोरले म्हणून पोलिसांत जायचं असेल तर खुशाल जा, सर. सगळे उघड्यावर आहेत, तुम्हीच ठेवलेत. उद्यापर्यंत झाकलेत तर मला एकही फोन करावा लागणार नाही.

ती आता कुठे राहते, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू, तिची नोंद मी परवा पुन्हा उघडून पाहिली. पडदा जागेवर होता. नवा पत्ता मलाही दिसला नाही. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

या ऑफिसने काम शिकवलं, डबा संपला की आपल्या डब्यातलं वाढलं, त्याबद्दल सगळ्यांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर वयाने लहान समजून पोटात घाला. घड्याळ इथेच ठेवतो. कुणी सोडायला येऊ नका. या हॉलचं दार ओढल्याशिवाय लागत नाही, आणि ते उघडं राहिलेलं सरांना चालत नाही. जाताना ओढून घेतो.